आकाशातील शेजपाळी

नगर शहराच्या माळीवाड्यातून किंवा सावेडीच्या नव्या वसाहतीतून सकाळी फिरावयास निघालेल्या मनुष्याने क्षणभर मान वर करून पाहिले, तर घरोघरच्या गच्च्यांवर दूरदर्शनच्या लहानलहान छत्र्या दिसतात. बहुतेक सर्व छत्र्यांची तोंडे दक्षिण आणि आग्नेय ह्या दिशांच्या दरम्यान वळलेली असतात. उत्तरेकडे पाहणारी छत्री सहसा आढळावयाची नाही. ह्याचे कारण देवघराच्या दिशेप्रमाणे शास्त्रपुराणात शोधावयाचे नसून भूगोलाच्या पुस्तकात शोधावयाचे आहे. ज्या उपग्रहांकडून ही चित्रे येतात, ते सर्व विषुववृत्ताच्या बरोबर माथ्यावर आहेत, आणि विषुववृत्त आपल्या दक्षिणेस आहे.

अधिक बारकाईने पाहिले तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. सरकारी फ्री डिशची छत्री बरोबर आग्नेयेकडे पाहते, कारण तिचा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. शेजारच्या गच्चीवरील टाटा प्लेची छत्री दक्षिणेकडे अधिक झुकलेली असते, कारण तिचा उपग्रह ८३ अंशांवर आहे. दोन्ही छत्र्या एकाच जातीच्या लहरी झेलतात. तथापि एकीच्या चित्रात दुसरीचे चित्र मिसळत नाही. एकाच भिंतीला लागून राहणाऱ्या दोन बिऱ्हाडांचा संसार जसा एकमेकांस न अडखळता चालावा, तसाच हा प्रकार आहे. मात्र तो आपोआप घडत नाही. त्यामागे आकाशाच्या वाटणीचा एक मोठा आणि पुष्कळ भांडणांनंतर जुळलेला व्यवहार आहे.

पृथ्वीपासून ३५,७८६ किलोमीटर उंचीवर विषुववृत्तावर ठेवलेला उपग्रह पृथ्वीबरोबरच फिरतो, म्हणून खालून पाहणाऱ्यास तो एके ठिकाणी खिळल्यासारखा वाटतो. अशा तीन उपग्रहांच्या साहाय्याने जवळजवळ सर्व जगास ध्वनिक्षेपण करता येईल, ही कल्पना आर्थर क्लार्क ह्या इंग्रज लेखकाने १९४५ साली ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात मांडली, तेव्हा ती पुष्कळांस कादंबरीतील कल्पनेइतकीच दूरची वाटली असल्यास नवल नाही. वीस वर्षांच्या आतच ती खरी ठरली, आणि मग निराळीच अडचण उभी राहिली. हे भूस्थिर वर्तुळ एकच आहे. त्याचे अंश तीनशे साठच. एकाच कंपनसंख्येवर बोलणारे दोन उपग्रह फार जवळ आले, तर जमिनीवरील छत्रीस ते वेगळे ओळखता येत नाहीत. म्हणून त्यांच्यात सामान्यतः दोन-तीन अंशांचे अंतर ठेवावे लागते. छत्री जितकी मोठी, तितकी तिची नजर अरुंद व नेमकी. छत्री जितकी लहान, तितकी तिची नजर पसरट. प्रत्येक घराला हलकी आणि स्वस्त छत्री हवी असते, आणि त्यामुळे वर आकाशात जागेची ओढाताण वाढते. घरगुती सोयीची किंमत कोठे मोजली जाते, ह्याचे हे एक लहानसे उदाहरण आहे.

अंतर ठेवणे हा वाटणीचा एक मार्ग झाला. दुसरा मार्ग असा की, एकाच कंपनसंख्येच्या लहरी एक उपग्रह उभ्या प्रतलात आणि दुसरा आडव्या प्रतलात पाठवितो, आणि छत्रीतील यंत्र त्यांपैकी एकच स्वीकारते. तिसरा मार्ग सर्वांत चमत्कारिक आहे. मोटारीला वाट दाखविणाऱ्या अमेरिकन जी.पी.एस. योजनेचे सुमारे तीस उपग्रह सर्वच्या सर्व १५७५.४२ मेगाहर्ट्झ ह्या एकाच कंपनसंख्येवर, एकाच वेळी बोलतात. मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदास दहा लक्ष कंपने. तरीही खालील यंत्र त्यांना वेगळे ओळखते, कारण प्रत्येकाची सांकेतिक लिपी निराळी असते. जत्रेतील गलबल्यात आपल्या भाषेत मारलेली हाक तेवढी कानास कळावी, तद्वत हे आहे.

ही सर्व व्यवस्था ठरविणारी संस्था म्हणजे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ. १८६५ साली पॅरिस येथे तारायंत्रांच्या सोयीसाठी तिचा जन्म झाला, आणि १९४७ साली ती संयुक्त राष्ट्रांशी जोडली गेली. उपग्रहांसाठी कंपनसंख्यांची पहिली मोठी वाटणी तिने १९६३ साली जिनीव्हा येथे केली. नियम साधारणतः असा पडला की, जो आधी अर्ज करील त्याचा हक्क आधी. मागून येणाऱ्याने आधीच्यास उपद्रव न होईल अशी तजवीज करावी. हा नियम दिसावयास सरळ आहे, परंतु ज्याच्यापाशी अग्निबाण आणि पैसा आधी आला, त्याला तो अधिक मानवला. १९७६ साली विषुववृत्तावरील कोलंबिया, केनिया, इंडोनेशिया इत्यादी राष्ट्रांनी बोगोटा येथे एकत्र येऊन जाहीर केले की, आमच्या डोक्यावरचे हे वर्तुळ आमच्याच मालकीचे आहे. तो दावा जगाने मान्य केला नाही, पण त्यामागची तक्रार खोटी नव्हती. पुढे १९८८ पर्यंत काही कंपनसंख्यांपुरती प्रत्येक राष्ट्राची एक जागा राखून ठेवण्याची योजना करावी लागली. उलट बाजूचा मासलाही आहे. पॅसिफिक महासागरातील टोंगा ह्या चिमुकल्या राज्याने स्वतःचा एकही उपग्रह नसताना सोळा जागांवर अर्ज ठोकले, आणि तडजोडीत सहा जागा पदरात पाडून घेऊन त्या भाड्याने देण्याचा उद्योग आरंभिला. अशा उपग्रहांना त्या खात्यातील लोक ‘कागदी उपग्रह’ म्हणतात. कागदावर शेत दाखवून पाण्याचा हक्क लावून घेणाऱ्या गृहस्थांची जात केवळ आपल्याकडेच आढळते असे नव्हे, एवढे ह्यावरून सिद्ध होते.

पाण्याचा उल्लेख आला तो सहज आलेला नाही. नगर जिल्ह्याच्या उत्तर भागात १९२६ साली पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाचे पाणी प्रवरेच्या कालव्यांतून शेकडो गावांच्या चाऱ्यांत खेळते, आणि तेथील शेतकऱ्याला शेजपाळी हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. सात नंबरचा अर्ज द्यावयाचा, पाळीची वाट पाहावयाची, आणि आपला वार आला की रात्र असो वा दिवस असो, फावडे घेऊन चारीवर हजर व्हावयाचे. पाणी सर्वांचे, म्हणून एकाने किती वेळ आणि किती रुंद दार उघडावे, ह्याला बंधन. चांगल्या शेजपाळीत शेपटाकडील शेतापासून आरंभ करतात, ह्याचे कारण उघड आहे: कालव्याच्या तोंडाशी असलेल्यास पाणी कसेही मिळते, शेवटी असलेल्यास मात्र नियमावाचून थेंबही मिळावयाचा नाही. आकाशातील वाटणीतही असा एक शेपटाकडील शेतकरी आहे. तो काहीच बोलत नाही, केवळ ऐकतो. आणि योगायोग असा की, जगातील अशा ऐकणाऱ्यांपैकी एक फार मोठा ऐकणारा नगर जिल्ह्याच्या वेशीवरच बसला आहे.

बोलणारा आणि ऐकणारा ह्यांना एकमेकांपासून दूर ठेवावे लागते, हे ह्या भागाला नवे नाही. १९२७ साली हिंदुस्थान व इंग्लंड ह्यांच्यामधील बिनतारी संदेशवहन सुरू झाले, त्या वेळी संदेश पाठविणारे केंद्र पुण्यास खडकीजवळ होते, आणि संदेश घेणारे केंद्र भीमेच्या काठी दौंड येथे, म्हणजे श्रीगोंदे तालुक्याच्या समोरच होते. खडकीच्या आरोळीने दौंडच्या कानठळ्या बसू नयेत, एवढाच त्यातील हेतू. त्यानंतर साडेचार दशकांनी जुन्नर तालुक्यातील आर्वी येथे सुमारे तीस मीटर व्यासाची प्रचंड तबकडी उभी राहिली. परदेशांशी उपग्रहाच्या द्वारे दूरध्वनी जोडणारे हे देशातील पहिले व्यापारी केंद्र होय. डिसेंबर १९७१ मध्ये निधन पावलेल्या विक्रम साराभाई ह्यांचे नाव त्यास देण्यात आले. त्यापूर्वी विलायतेशी बोलावयाचे म्हणजे लघुलहरींच्या लहरीवरच अवलंबून राहावे लागे. आर्वीच्या तबकडीने हिंदी महासागरावरील इंटेलसॅट उपग्रहाशी दृष्टी जुळविली, आणि आवाज स्वच्छ झाला.

आर्वीप्रमाणेच नारायणगावच्या परिसरात असलेल्या खोडद येथे पुढे जो ऐकणारा बसविण्यात आला, त्याचे काम अगदी निराळे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप ह्यांच्या कल्पनेतून तेथे रेडिओ-दुर्बीण उभारली गेली, आणि २००१ साली ती राष्ट्रास अर्पण करण्यात आली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या; त्यांतील चौदा एक किलोमीटरच्या चौकात, आणि उरलेल्या सोळा तीन दिशांस पसरलेल्या, अगदी पंचवीस किलोमीटरपर्यंत. ह्या तबकड्या भरीव पत्र्याच्या नाहीत. पोलादी दोरांवर ताणलेल्या बारीक तारेच्या जाळीच्या आहेत. लांब लहरींना जाळीची छिद्रे दिसतच नाहीत, त्यांच्या दृष्टीने ती भिंतच असते. वारा मात्र आरपार निघून जातो, आणि खर्चही वाचतो. जागा निवडताना डोंगरांचा आडोसा, विषुववृत्तापासूनचे योग्य अंतर आणि मनुष्यवस्तीच्या विद्युत्-गोंगाटाचा अभाव, ह्या गोष्टी पाहिल्या गेल्या. त्यातील शेवटची गोष्ट आता दिवसेंदिवस दुर्मिळ होत चालली आहे.

ही दुर्बीण ऐकते काय? आकाशातील प्रत्येक तेजोगोल थोड्याफार प्रमाणात रेडिओ-लहरी सोडीत असतो. ह्याचा अनुभव घरबसल्याही येतो. मार्चच्या पूर्वार्धात आणि ऑक्टोबरच्या आरंभी काही दिवस, ठरावीक वेळी, सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो आणि गच्चीवरील छत्रीचे चित्र काही मिनिटे मोडते. लोक कंपनीस दूषण देतात. वास्तविक त्या मिनिटांपुरती ती घरगुती छत्री सूर्याचे रेडिओ-गान ऐकणारी लहानशी दुर्बीण झालेली असते. सूर्य जवळचा, म्हणून मोठ्याने बोलतो. खोडदला जे ऐकावयाचे असते, त्याची क्षीणता कल्पनेत आणणे कठीण आहे. चंद्रावर कोणी एक साधा मोबाइल फोन चालू करून ठेवला, तर ह्या दुर्बिणीच्या दृष्टीने तो आकाशातील अत्यंत प्रखर अशा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वस्तूंपैकी एक ठरेल. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपीय देशांचे ‘श्यापारेल्ली’ हे यान मंगळावर उतरत असताना त्याच्या लहानशा यंत्राचा आवाज पृथ्वीवर खोडद येथे ऐकला गेला, आणि उतरण्यापूर्वीच्या शेवटच्या मिनिटात तो बंद पडला, हेही खोडदलाच कळले. यान कोसळले होते.

आता वाटणीचा मुख्य प्रश्न येथे उभा राहतो. विश्वातील सर्वांत विपुल वस्तू म्हणजे हायड्रोजन वायू. त्याचा स्वाभाविक सूर १४२०.४ मेगाहर्ट्झवर, म्हणजे एकवीस सेंटिमीटर लांबीच्या लहरींवर असतो. म्हणून १४०० ते १४२७ मेगाहर्ट्झ हा पट्टा जगभर केवळ ऐकण्यासाठी राखलेला आहे. त्यात कोणी बोलावयाचेच नाही. गावातील देवराईसारखी ही मोकळी सोडलेली जागा होय. ह्याखेरीज ३२२ ते ३२८.६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात रेडिओ-खगोलशास्त्राला इतरांच्या बरोबरीचा वाटा आहे. आणि भारताच्या नावे आंतरराष्ट्रीय नियमावलीत खास टीप घालून १५०.०५ ते १५३ आणि ६०८ ते ६१४ मेगाहर्ट्झ असे दोन चिंचोळे तुकडेही ह्या शास्त्राच्या नावावर चढविलेले आहेत. वरवर पाहणाऱ्यास वाटेल की, झाले, ऐकणाऱ्याची सोय लागली.

परंतु विश्व प्रसरण पावत आहे, ही गोष्ट नियमावलीच्या कलमांना ठाऊक नसते. दूरची आकाशगंगा आपल्यापासून लांब जाते, आणि तिच्या लहरी वाटेत ताणल्या जातात. दूर जाणाऱ्या आगगाडीच्या शिटीचा सूर उतरतो त्याप्रमाणे. जितकी आकाशगंगा जुनी व दूर, तितका सूर खाली. अर्णब चक्रवर्ती आणि निरुपम रॉय ह्या शास्त्रज्ञांनी खोडदच्या दुर्बिणीतून एका आकाशगंगेतील हायड्रोजनचा सूर पकडला, आणि जानेवारी २०२३ मध्ये ती बातमी जगभर गेली. तो सूर सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी निघालेला होता. निघताना तो १४२० मेगाहर्ट्झवर होता. खोडदला पोहोचला तेव्हा सुमारे ६२० मेगाहर्ट्झवर. म्हणजे राखलेल्या देवराईत तो आलाच नाही. आणि भारताने राखलेला ६०८ ते ६१४ चा तुकडाही त्याने सहा मेगाहर्ट्झने चुकविला. तो उतरला इतरांच्या शेतात. आठशे ऐंशी कोटी वर्षे चाललेल्या पाहुण्याला जिल्हा परिषदेच्या रस्त्यानेच ये असे सांगता येत नाही.

हेच कारण की, खोडदच्या दुर्बिणीची यंत्रसामग्री सुधारून ती १२० पासून १४५० मेगाहर्ट्झपर्यंत जवळजवळ सलग ऐकू शकेल अशी करण्यात आली. ह्या विस्तीर्ण पट्ट्यातील बहुतेक भाग कायद्याने दुसऱ्यांचा आहे. ते जेथे गप्प असतात, तेथे ऐकावयाचे. बोलू लागले, की तेवढा भाग टाकून द्यावयाचा. अमेरिकन नौदलाने २०१२ ते २०१६ ह्या काळात सोडलेले ‘मुओस’ नावाचे उपग्रह ३६० ते ३८० मेगाहर्ट्झवर खाली बोलतात. दुर्बिणीच्या एका पट्ट्यात तेवढ्यापुरता सदैव पडदा असतो. जी.पी.एस. आहेच. आणि आपल्याच देशाचे ‘नाविक’ हे दिशादर्शक उपग्रहही ११७६.४५ मेगाहर्ट्झवर, म्हणजे दुर्बिणीच्या सर्वांत वरच्या पट्ट्यात बोलतात. ह्यात कोणी नियम मोडला असे मुळीच नाही. मच्छीमाराला आणि सैनिकाला वाट सापडणे अगत्याचे आहे, ह्याविषयी खोडदच्या शास्त्रज्ञांचेही दुमत असावयाचे नाही. तथापि ज्याने नियम मोडला नाही त्याच्यामुळेही दुसऱ्याचे ऐकणे बंद पडते, ही गोष्ट खरीच राहते.

जमिनीवर मात्र ह्या शांततेसाठी कोणी ना कोणी किंमत मोजली आहे, आणि ती नगर जिल्ह्याने जवळून पाहिली आहे. पुणे-नाशिक जलद रेल्वेचा मूळ आराखडा चाकण, मंचर, नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, सिन्नर असा सरळ होता. विजेवर धावणाऱ्या गाडीच्या माथ्यावरील दांडा तारेला घासताना ठिणग्या उडतात, आणि प्रत्येक ठिणगी म्हणजे सर्व कंपनसंख्यांवर एकदम मारलेली आरोळी असते. दुर्बिणीच्या इतक्या जवळून असा मार्ग जाणे परवडणारे नव्हते. वाटाघाटी झाल्या, पर्याय निघाले. अखेर २०२५ साली केंद्र शासनाने नारायणगावचा मार्ग सोडून अहिल्यानगर व शिर्डीवरून वळसा घेणारा मार्ग पुढे केला. अहमदनगर जिल्ह्याचे हेच नवे नाव. नगर शहराला ही गोष्ट लाभाची वाटली, ह्यात आश्चर्य नाही. पण संगमनेर व अकोले भागातील लोकांनी पुष्कळ वर्षे ज्या रेल्वेची वाट पाहिली, ती त्यांच्या दारावरून दूर गेली, आणि त्यांनी त्याविरुद्ध आवाज उठविला. एकाच जिल्ह्यात एकाचा तोटा तो दुसऱ्याचा नफा झाला, आणि दोहोंचे कारण एकच: ४५ मीटरच्या तीस जाळ्या. संगमनेरच्या व्यापाऱ्याला वा विद्यार्थ्याला हायड्रोजनच्या सुरासाठी एस.टी.चा प्रवास चालू ठेवा असे सांगणे कठीण आहे. त्याच्या नाराजीस अडाणीपणा म्हणणे तर अन्यायाचे आहे. दुर्बिणीचे रक्षण आवश्यक होते, असेच कोणीही शांतपणे विचार करणारा म्हणेल. परंतु ती आवश्यकता त्या तालुक्यांतील लोकांस आधी आणि त्यांच्या भाषेत समजावून दिली गेली असती, तर कटुता पुष्कळ कमी झाली असती.

आता ह्यातील विसंगती पाहण्यासारखी आहे. ज्या शांततेसाठी जमिनीवरील रेल्वे वळविली, त्या शांततेला वरच्या बाजूने छप्परच नाही. भूस्थिर उपग्रह निदान एके ठिकाणी स्थिर असतात. त्यांच्याकडे पाठ फिरविता येते. परंतु अलीकडे काहीशे किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह हजारोंनी सोडले जात आहेत. चालू उपग्रहांची संख्या दहा हजारांच्या वर गेली असून त्यांतील निम्म्याहून अधिक एकट्या स्टारलिंक कंपनीचे आहेत. ते क्षितिजावर उगवतात, डोक्यावरून जातात, मावळतात, आणि एक मावळण्यापूर्वी दुसरे अनेक उगवलेले असतात. त्यांचा उपयोग नाही असे कोणी म्हणू नये. डोंगराळ खेड्यात जेथे तार नेता येत नाही, तेथे असा उपग्रह शाळा व दवाखाना जगाशी जोडू शकतो. जून २०२५ मध्ये ह्या कंपनीला भारतात परवाना मिळाला, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात महाराष्ट्र शासनाने गडचिरोली, नंदुरबार, वाशीम व धाराशिव ह्या जिल्ह्यांच्या सोयीसाठी तिच्याशी करार करण्याचा इरादा लिहून दिला.

ह्या कंपन्यांना लहरी कशा द्याव्या, लिलावाने की सरकारी ठरावाने, ह्यावर आपल्याकडे मोठा वाद झाला. लिलावाच्या विरुद्ध युक्तिवाद असा की, जमिनीवरील मोबाइल कंपनीला एक पट्टा एकटीला देता येतो, पण उपग्रहांच्या लहरी अनेकजण एकाच वेळी वाटून वापरू शकतात. जी वस्तू सर्वांना सामाईक वापरावयाची, ती एकालाच विकावयाची कशी? २०२३ च्या दूरसंचार कायद्याने हा युक्तिवाद मान्य करून उपग्रहसेवांसाठी लिलावावाचून वाटप करण्याची वाट मोकळी केली. मे २०२५ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने त्याकरिता उत्पन्नाच्या चार टक्के आकारावे अशी शिफारस केली. वायुलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, हे तत्त्व तर सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच सांगून ठेवले आहे. मौजेची गोष्ट अशी की, तो खटला उपजला होता क्रिकेटचे सामने परदेशी संस्थेमार्फत उपग्रहावर चढविण्याच्या तंट्यातून. ह्या सर्व चर्चेत बोलणाऱ्यांचा हिशेब काटेकोर झाला. ऐकणाऱ्याकडून काही उत्पन्न व्हावयाचे नसल्यामुळे त्याचा रकाना बहुधा कोरा राहिला.

आणि हा रकाना किती महत्त्वाचा आहे, हे २०२३ साली हॉलंडमधील ‘लोफार’ दुर्बिणीने दाखवून दिले. तिने ६८ स्टारलिंक उपग्रहांवर कान लावला असता त्यांपैकी ४७ उपग्रहांकडून ११० ते १८८ मेगाहर्ट्झच्या दरम्यान लहरी येत असल्याचे आढळले. ह्या लहरी ते मुद्दाम पाठवीत नव्हते. त्यांचे बोलणे निराळ्या, पुष्कळ वरच्या पट्ट्यात चालते. ही केवळ त्यांच्या पोटातील विद्युत्-यंत्रांची कुरकुर होती. पुढच्या वर्षी असे दिसले की, नव्या बांधणीच्या उपग्रहांची ही कुरकुर आधीच्यांपेक्षा बत्तीसपट प्रबळ असू शकते. भारताने खास टीप घालून राखलेला १५०.०५ ते १५३ मेगाहर्ट्झचा तुकडा नेमका ह्याच कुरकुरीच्या पट्ट्यात येतो, आणि खोडदचा एक संपूर्ण पट्टाही १२० पासूनच सुरू होतो. उपग्रहाने हेतुपुरस्सर किती मोठ्याने बोलावे ह्याला आंतरराष्ट्रीय नियम आहेत; नकळत किती कुरकुरावे ह्याला तसा नियम घालून ठेवलेलाच नव्हता. नियम करणाऱ्यांना असे हजारो उपग्रह एकदम येतील ही कल्पना नव्हती, एवढाच त्याचा अर्थ.

मार्ग निघत नाही असे मात्र नव्हे. रशियाच्या ‘ग्लोनास’ ह्या दिशादर्शक उपग्रहांनी एके काळी १६१२ मेगाहर्ट्झच्या आसपास मोठाच उपद्रव मांडला होता. आकाशातील हायड्रॉक्सिल नावाच्या द्रव्याचा सूर त्याच ठिकाणी लागतो. तेथे १६१०.६ ते १६१३.८ हा पट्टा शास्त्रज्ञांचा होता. १९९३ साली दोन्ही पक्ष बोलावयास बसले, आणि त्यातून निघालेला तोडगा मोठा मार्मिक होता. पृथ्वीच्या एका अंगास जो उपग्रह असतो तो दिसत असताना बरोबर विरुद्ध अंगाचा उपग्रह कोणालाच दिसू शकत नाही. तेव्हा अशा दोघा-दोघांनी एकच कंपनसंख्या वापरावी. लागणाऱ्या कंपनसंख्या निम्म्यावर आल्या, आणि टप्प्याटप्प्याने सर्व उपग्रह शास्त्रज्ञांच्या पट्ट्यापासून खाली सरकविता आले. कोणाचीही सेवा बंद पडली नाही. प्रवरेच्या काठावरील एखाद्या जुन्या पाटकऱ्याला हा तोडगा ऐकविला, तर त्याला त्यात विशेष नवल वाटावयाचे नाही. समोरासमोरच्या दोन चाऱ्यांना आळीपाळीने एकच दार चालविणे त्याच्या परिचयाचे आहे.

खोडदच्या तबकड्यांभोवतालची मंडळी आपल्या परीने जे करावयाचे ते करीतच आहेत. एखाद्या खांबावरील विजेची तार सैल होऊन ठिणग्या टाकू लागली, तर तिचा शोध घेऊन ती दुरुस्त करवून घेणे, कोणता उपग्रह केव्हा डोक्यावर येणार ह्याचे वेळापत्रक मांडणे, आलेल्या ध्वनीतून मनुष्यनिर्मित गोंगाट क्षणोक्षणी छाटून टाकणारी यंत्रे बसविणे, ही त्यांची नित्याची कामे होत. छाटताना कधी खरा सूरही छाटला जाण्याचा संभव असतो, म्हणून ह्या उपायाला मर्यादा आहे. उरलेला भाग त्यांच्या हातचा नाही. तो जिनीव्हाच्या संघाच्या हातचा आहे. दर तीन-चार वर्षांनी भरणारी त्याची जागतिक रेडिओ परिषद २०२३ साली दुबईस झाली. पुढील परिषद २०२७ साली शांघाय येथे भरावयाची असून तिच्या विषयपत्रिकेत १.१६ क्रमांकाचे एक कलम आहे. पृथ्वीवर रेडिओ-दुर्बिणींसाठी राखलेल्या शांतता-क्षेत्रांवरून जाणाऱ्या खालच्या कक्षेतील उपग्रहांच्या एकत्रित गोंगाटाला आळा घालावा काय, आणि घालावयाचा तर कसा, ह्याचा विचार त्या कलमाखाली व्हावयाचा आहे. संगमनेरची रेल्वे ज्या रेषेसाठी वळविली गेली, ती रेषा वर आकाशातही चढवावयाची की नाही, हे तेथे ठरेल.